बाजूची खुर्ची

दुकानात खुर्च्या दोन आणि आरसा एक. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग, खालच्या कोपऱ्यात पारा उडून काळे डाग पडलेला. बाप गेला तेव्हा दोघा भावांनी दुकानाची वाटणी केली नाही, फक्त खुर्च्यांची केली. डावी थोरल्याची, उजवी धाकट्याची. पुढं बाजारानं त्यांची खरी नावं सोडून दिली आणि हीच धरली. विजेचं बिल देणारासुद्धा दारातून "थोरले आहेत का?" असंच विचारायचा.

थोरल्याची बायको लग्नानंतर लवकरच आजारात गेली. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून सांगणारे पुष्कळ होते. गालाला साबण लागेपर्यंत गिऱ्हाइकाला दुसरा उद्योग तरी काय असतो? थोरला म्हणायचा, "एकाच गालावर दोनदा उलटा वस्तरा फिरवला की रक्त येतं. राहू द्या." दुकानामागच्या खोलीत त्याची खाट, एक स्टोव्ह आणि दोरीवर वाळत घातलेली दुकानातली कापडं. स्टोव्हवर फक्त पाणी तापायचं. जेवण धाकट्याच्या घरून डब्यात यायचं, दोन्ही वेळचं. धाकट्याची बायको तोंडाची तिखट, पण हाताची मोकळी. डबा उघडला की वरच्या पुडात काहीतरी जास्तीचं निघायचंच. ती थोरल्याला दादा म्हणायची, तो तिला बाई म्हणायचा. यापलीकडं दोघांचं बोलणं फारसं नसायचं, आणि लागतही नव्हतं.

न्हाव्याला गावाची मान दिसते, स्वतःची तेवढी दिसत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं भाऊ एकमेकांचे केस कापायचे. आधी थोरला बसायचा, मग धाकटा. पैशाचा प्रश्नच नव्हता. न्हावी न्हाव्याकडून पैसे घेत नाही, हा या धंद्यातला सगळ्यात जुना कायदा. बापानंही तो पाळला आणि बापाच्या बापानंही. कधी भांडण झालेलं असलं तरी सुट्टीच्या दिवशी मान पुढं करावीच लागायची. आणि ज्याच्या हातात आपली मान आहे त्याच्याशी माणूस किती वेळ भांडणार?

दुकानात बोलणं सगळं आरशात चालायचं. गिऱ्हाइकाशी आरशात, बाकावर बसलेल्यांशी आरशात, एकमेकांशीही आरशात. थोरला कधी मान वळवून कोणाशी बोलला नाही. हात डोक्यावर आणि नजर काचेत. मागच्या बाकावर कोण आलं, कोण पेपर घेऊन पळालं, कोणाचा नंबर कोणी मारला, सगळं त्याला समोर दिसायचं. एकदा एक जण दाढी करून पैसे न देता चपला हातात घेऊन निघाला होता. थोरला पाठमोराच म्हणाला, "चपला घाला पाहुणे, बाहेर ऊन आहे. आणि पैसे खिडकीत ठेवा." बाक हसून हसून हलला. त्या दिवसापासून थोरल्याच्या पाठीला डोळे आहेत असं बाजार बोलायला लागला.

आणि याच बोलण्यानं पुढं त्याचा घात केला.

कारण डोळ्यांचं दुखणं आलं ते चोरपावलांनी, दोन्ही कडांकडून एकदम. आधी डोकं दुखायला लागलं, कपाळाच्या आत कुठंतरी. मग खोलीच्या दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. कधी डावा खांदा, कधी उजवा. थोरला चौकटीला शिव्या द्यायचा. साबणाची वाटी कोपर लागून पडायची. तीन वाट्या फुटल्यावर धाकट्यानं स्टीलची आणून दिली. "आता पाड किती पाडतोस ते. निदान वाजेल तरी." आणि माणसं रस्त्यात अचानक उगवायला लागली. आधी आवाज यायचा, मग आवाजाखाली माणूस यायचा. थोरल्याला वाटलं, वय झालं; लक्ष लागत नाही. माणसाला बाजूचं दिसतं ते तरी कधी आपल्याला दिसतंय असं कळतं का? मग जातं तेव्हा गेल्याचं कुठून कळणार?

दुकानात मात्र सगळं ठीक होतं. आरसा समोर, आणि अख्खं दुकान आरशात. जे बाजूला होतं ते काचेत समोर यायचं. थोरला पूर्वीसारखाच "या, बसा" म्हणायचा आणि पूर्वीसारखाच पेपर पळवणाऱ्याला पकडायचा.

रस्त्यात आरसा नव्हता.

बाजारात कुजबुज सुरू झाली. दुकानात गूळ आणि रस्त्यात दगड. खुर्चीत बसलं की "कसे आहात", चौकात हात केला की नाकासमोर बघत निघून जातो. भाजीवाली म्हणाली, मी हाक मारली, ढिम्म. दुधवाला म्हणाला, माझ्या सायकलच्या घंटीलासुद्धा मान वळली नाही. कोणीतरी म्हणालं, पैसा झालाय. कोणीतरी म्हणालं, बाईमाणूस नाही घरात, माणूस असाच वाळतो. गिऱ्हाइकं हळूहळू उजव्या खुर्चीसाठी थांबायला लागली. डावी रिकामी असली तरी म्हणायची, "असू दे, आम्हाला घाई नाही."

धाकट्याच्या ते ध्यानात येत होतं. तो आरशात म्हणाला, "दादा, लोकांना ओळख देत जा की."

"देतोच की. भेटले तर देईन ना!"

"रोज भेटतात म्हणे."

"मग मला का नाही भेटत?"

धाकटा हसला. त्याला ती थट्टा वाटली.

मग ते झालं. रस्ता खणायचं काम चाललं होतं, यंत्राच्या धडधडीत काही ऐकू येत नव्हतं. थोरला तुरटी आणि ब्लेड आणायला निघाला होता. धाकट्याची बायको त्याच्या डाव्या अंगानं धुण्याची बादली घेऊन समोरून येत होती. मागून ट्रक आला म्हणून ती कडेला सरली आणि खणलेल्या चरात तिचा पाय गेला. घोटा मोडला. ती पडली थोरल्याच्या डाव्या हाताला, हात लांब केला असता तर पदर लागला असता इतक्या जवळ. "दादा! दादा!" म्हणून ती ओरडली. थोरला तिच्या बाजूनं चालत गेला, सरळ, त्याच चालीनं. तिला उचललं ते खणणाऱ्या मजुरांनी.

थोरल्याला कळलं दुपारी, डबा आला नाही तेव्हा. तो धावत दवाखान्यात गेला. ती पाय प्लास्टरमध्ये घालून पडली होती. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. धाकटा दारातच उभा होता.

"कसं झालं रे?"

"तू विचारतोस?"

"मी नाही तर कोण विचारणार?"

"दादा, तिच्या बाजूनं गेलास तू. तिनं तुझ्या डोळ्यांत बघितलं. डोळे उघडे होते तुझे."

"मला दिसली नाही ती."

धाकट्यानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, "आरशात मागच्या बाकावरची माशी दिसते तुला. आणि पायाशी पडलेली भावजय दिसत नाही?"

"शपथ घेतो."

"नको घेऊस. उगीच शपथेला कशाला बाटवतोस?"

आतून तिचा आवाज आला, "त्यांना म्हणावं जा. डब्याची काळजी करू नका म्हणावं, डबा आता येत नाही."

दुसऱ्या दिवशी धाकटा आला तो गिऱ्हाइकं यायच्या आत. आपला वस्तरा, आपलं मशीन, दोन कात्र्या आणि कंगवे टॉवेलात गुंडाळले. खुर्चीवर पांढरं कापड टाकलं, जसं बंद घरातल्या सामानावर टाकतात. थोरला डाव्या खुर्चीमागं उभा होता. आरशात दोघं दिसत होते. धाकट्यानं बस थांब्याजवळच्या मोठ्या दुकानात काम धरलं. चार खुर्च्यांचं दुकान, मालक वेगळाच. धाकट्याला तिथं भिंतीकडची शेवटची खुर्ची मिळाली.

थोरला आता स्टोव्हवर स्वतःसाठी काहीबाही शिजवायला लागला. बहुतेक वेळा ते करपायचं. सुट्टीच्या दिवशी तो सवयीनं शटर अर्धं ओढायचा आणि मग कशासाठी ओढलं ते आठवून परत वर करायचा. समोरचे केस त्यानं आरशात बघून स्वतःच कापले. मागचे वाढले. समोरून बघणाऱ्याला माणूस टापटीप दिसायचा; पाठ वळली की मानेवर केसांचं जंगल. एक गिऱ्हाईक म्हणालं, "थोरले, दिव्याखाली अंधार." थोरला म्हणाला, "दिवा एकच राहिलाय, म्हणून."

शेवटी डोकेदुखीनं त्याला चष्मेवाल्याकडं नेलं. चष्मेवाला जुनं गिऱ्हाईक, टक्कल पडल्यापासून फक्त मिशी कातरून घ्यायला यायचा. त्यानं अक्षरं वाचायला दिली. थोरल्यानं वाचली. मग चष्मेवाला बोलत बोलत आपले दोन्ही हात बाजूला पसरून उभा राहिला. "किती बोटं?"

"कुठली बोटं?"

"थट्टा करू नका. माझ्या नाकाकडं बघा आणि हातांची बोटं सांगा."

"हात मागं बांधून काय विचारताय? बोटं दिसायला हात पुढं पाहिजेत ना!"

चष्मेवाल्याचे हात तसेच हवेत राहिले. मग त्यानं ते हळूहळू आत आणले. पार नाकाजवळ आल्यावर थोरला म्हणाला, "आता दिसतात. दोन." चष्मेवाल्यानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि स्वतः त्याला रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथं एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. बारीक दिवे लागतील, दिवा दिसला की बटण दाब. थोरला बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ताई, मशीन बिघडलंय. मधले तेवढे लागतात." तपासणाऱ्या बाईनं त्याच्याकडं बघितलं आणि ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्यानं थोरला पहिल्यांदा घाबरला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायची हातोटी होती. दोन डोळ्यांच्या दोन नसा मेंदूखाली एकमेकींना भेटतात, तिथं फुली होते. त्या फुलीच्या खाली एक गाठ वाढली होती. "जातीनं वाईट नाही," त्या म्हणाल्या, "पण जागा वाईट धरलीय तिनं. खालून नसा दाबतेय. म्हणून दोन्ही बाहेरच्या बाजू गेल्या, मधलं राहिलंय. तेही राहणार नाही, असंच सोडलं तर."

"झापडं लावल्यासारखं."

"तसंच. घोड्याला लावतात तसं."

"घोड्याला निदान माहीत असतं बाई, कोणी लावली ते."

ऑपरेशन नाकातून होणार होतं. थोरल्याला ते खरंच वाटेना. "नाकातले केस मी आयुष्यभर कापतोय लोकांचे. तिथून डोळ्यांपर्यंत वाट आहे हे कोणी बोललं नाही." डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्याचं तोंड बघून थांबल्या. थोरला विचारत होता, "दिसेल ना परत?"

"पाण्याच्या नळीवर कोणी पाय दिला, तर पाय काढल्यावर पाणी येतं. पण पाय फार दिवस राहिला तर नळी चपटी होऊन बसते. तुमच्या नळीचं काय झालंय ते पाय काढल्याशिवाय कळणार नाही. येईल तेवढं येईल." मग विचारलं, "तुमचं कोण आहे?"

"भाऊ आहे."

"त्यांना घेऊन या. अशा वेळी घरचं माणूस लागतं."

"आणतो," थोरला म्हणाला.

हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना कठडा धरून तो थांबला. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, आणि ती गाठीची नव्हती. भावजय दिसली नव्हती. खरंच दिसली नव्हती. आपण खोटं बोललो नव्हतो. इतके दिवस धाकट्याच्या त्या एका वाक्यानं त्याला स्वतःचाच संशय यायला लागला होता, की काय सांगावं, बघितलंही असेल आणि मनानं पुसून टाकलं असेल. आता सांगायला तोंड होतं. आणि सांगायचं तर आताच, ऑपरेशनच्या आधी. आता हात बाजूला पसरून कोणीही खात्री करून घ्यावी. उद्या बाजू परत आल्या तर कशावर विश्वास ठेवणार ते? आणि मधलंही गेलं, तर आंधळ्याची कीव करून हो म्हणतील. थोरल्याला कीव नको होती. त्याला धाकट्यानं एकदा म्हणायला हवं होतं, की दादा, तू खोटं बोलला नाहीस.

तो बस थांब्याजवळच्या दुकानात गेला आणि बाकावर बसला. पहिल्या खुर्चीचा कारागीर म्हणाला, "या काका, इथं रिकामं आहे." थोरला म्हणाला, "मी शेवटच्या खुर्चीसाठी थांबतो." धाकट्यानं आरशात बघितलं आणि हातातलं डोकं पुरं केलं. थोरला खुर्चीत बसला. खुर्चीत बसलेल्या डोक्याला न्हावी नाही म्हणत नाही, हाही एक कायदाच.

धाकट्यानं कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधलं. मग आरशात बघत विचारलं, "बारीक की मध्यम?"

थोरल्याला वस्तरा लागल्यासारखं झालं. "तुला माहीत नाही?"

"गिऱ्हाइकाला विचारावं लागतं. इथला नियम आहे."

"मध्यम."

वाटेत घोकलेलं सगळं घशातच राहिलं. बाजूच्या तीन खुर्च्यांवर लोक, बाकावर लोक, रेडिओ चालू. इथं कसं म्हणणार, की हात पसर आणि बोटं दाखव? डोळे मिटून त्यानं फक्त कात्री ऐकली. ही कात्री त्याच्या कानाच्या ओळखीची होती. तिच्या स्क्रूत एक बारीक खडखड होती. मानेवरचं जंगल पडलं. कल्ल्यांसाठी धाकट्यानं वस्तरा उघडला तेव्हा थोरल्यानं डोळे उघडले. कुठंतरी बाजूला वस्तरा असणार. धाकट्याचा हात आरशात दिसला, कानाजवळ, आणि तिथंच थांबलेला. जरा जास्तच वेळ. मग कल्ले झाले, पावडर झाली, कापड सुटलं.

थोरल्यानं खिशात हात घातला. धाकटा एवढंच म्हणाला, "गल्ल्यात टाक." आणि त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

रस्त्यावर येऊन थोरला कितीतरी वेळ उभा होता. बापाच्या बापापासूनचा कायदा त्या गल्ल्यात खुळखुळला होता.

ऑपरेशनच्या दिवशी शेजारचा इस्त्रीवाला बरोबर आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे भाऊ का?" इस्त्रीवाला म्हणाला, "हो, हो, भाऊच." इस्त्रीवाल्याला दुकान उघडायचं होतं. "काही लागलं तर निरोप पाठवा" म्हणून तो निघून गेला. निरोप कोणाच्या हाती पाठवायचा, ते दोघांनीही विचारलं नाही.

वॉर्डमधला माणूस वस्तरा घेऊन आला. मिशी काढावी लागणार होती. थोरला म्हणाला, "आण इकडं. या मिशीला आजवर दोनच हात लागलेत, तिसरा नको." प्लॅस्टिकचा वस्तरा, हाताएवढा आरसा. त्यानं मिशी अशी उतरवली की तो माणूस बघतच राहिला, आणि मग म्हणाला, "चाचा, पलीकडच्या खाटेवर अजून एक आहे, करता का?" थोरला पोट धरून हसला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच हसणं.

शुद्धीवर आला तेव्हा नाकात बोळे, घशात कोरड आणि डोकं दगडासारखं. छताकडं बघत तो पडून होता. मन कशावर लावत नव्हता. लावलं तर काय दिसेल याची भीती होती. आणि एकदम उजव्या बाजूला काहीतरी पांढरं हललं. त्यानं डोळा हलवला नव्हता. पांढरं जवळ आलं, त्याला हात फुटला, हातात सलाईनची नळी आली, आणि मग आवाज आला, "काका, कसं वाटतंय?" किती दिवसांनी माणूस आवाजाच्या आधी आलं होतं. थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. नर्स म्हणाली, "दुखतंय का?" तो तोंडानं श्वास घेत म्हणाला, "नाही. तुम्ही परत तिकडं जा. आणि परत या."

उजवी बाजू चांगली आली. डावी आली ती धुराच्या खोलीतून बघितल्यासारखी. माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते कळायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट बघू, पण जास्त आशा धरू नका. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायची. केसांच्या भुशात जन्म काढलेल्या माणसाला शिंक येऊ नये म्हणजे माशाला पाणी लागू नये म्हणण्यासारखं. दुकान बंद ठेवून तो रोज सकाळी बाजारातून चक्कर मारायचा. आणि आता त्याला सगळे दिसायचे! उजवीकडून येणारा प्रत्येक माणूस. भाजीवालीला त्यानं तिनं हाक मारायच्या आत हात केला. दुधवाल्यासाठी थांबला. वाट अडवून लोकांची विचारपूस केली.

बाजारानं त्याचाही अर्थ लावला. इस्त्रीवाल्यानं इस्त्री फिरवता फिरवता सांगितला. "लोक म्हणतात, थोरल्याचा माज उतरला. मरणाच्या दारातून आला आणि माणसात आला. बरं झालं म्हणतात."

"माज नव्हता रे. दिसत नव्हतं."

"मला माहीत आहे हो." इस्त्रीवाल्यानं शर्टाची कॉलर दाबली. "पण दुकानात तर दिसायचं ना?"

थोरल्यानं आरशाचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याचा तिढा समजायला स्वतःला इतके दिवस लागले, तो इस्त्रीच्या एका फेऱ्यात कसा सुटणार? त्याच्या खरं बोलण्याचा एकुलता एक साक्षीदार ती आंधळी बाजूच होती, आणि तिला डॉक्टरांनी बरं करून टाकलं होतं.

मानेवर परत केस आले. वाकायची परवानगी मिळाली तेव्हा तो पुन्हा बस थांब्याजवळच्या दुकानात गेला. सांगायला आता काही नव्हतं. मान तेवढी पुढं करायची होती. दुपारची वेळ, बाक रिकामा, बाकीचे कारागीर मागं चहा पीत होते. धाकट्यानं त्याला दारात बघितलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मग म्हणाला, "मिशी कुठाय?"

"हॉस्पिटलात ठेवली."

"मिशीशिवाय अगदी आईसारखा दिसतोस."

"म्हातारीला मिशी नव्हती हे नशीब समज."

धाकटा हसला नाही, पण तोंडाचा कोपरा हलला. त्यानं कापड बांधलं. बारीक की मध्यम, ते विचारलं नाही. मान झाली, कानामागचं झालं. मग वस्तरा उघडला आणि उजव्या कानाकडं आणला. थोरल्याची पापणी पटकन मिटली.

धाकट्याचा हात थांबला. त्यानं वस्तरा मागं नेला आणि परत आणला. पापणी परत मिटली. मग त्यानं वस्तरा खाली ठेवला, टॉवेल घेतला आणि समोरच्या आरशावर टाकला. आरसा झाकला गेला. आता समोर नुसता टॉवेल होता, आणि धाकटा बाजूला.

"हे किती?"

"तीन."

डाव्या बाजूला जाऊन, "हे?"

"हात आहे. बोटं कळत नाहीत."

धाकटा तिथंच उभा राहिला. त्या बाजूला, जिथं थोरल्याला तो नुसता धुरासारखा दिसत होता. "मागच्या वेळी तुझी पापणी हलली नाही," तो म्हणाला. "वस्तरा कानापाशी नेला, तरी हलली नाही. मला आधी वाटलं, हट्ट. माझ्यावर राग म्हणून हलत नाही हा. मग घरी गेल्यावर मनात आलं, माणूस हट्टी असेल, पापणीला कुठला हट्ट?"

"मग आला का नाहीस?"

"तिला सांगितलं. दादाच्या डोळ्यांत काहीतरी आहे म्हणालो. ती म्हणाली, पाय माझा गेला, डोळा त्यांचा गेला. फिटलं."

मागं चहाचे कप वाजत होते.

"तू खोटं बोलला नाहीस," धाकटा म्हणाला. आरशात नाही, तसंच, बाजूनं. "पण तिला पटणार नाही दादा. तिनं तुझ्या डोळ्यांत बघितलंय. मी कितीही सांगितलं तरी ते तिचं बघितलेलं आहे."

"आणि तू?"

"मला त्याच घरात राहायचंय."

थोरल्यानं मान हलवली. ते त्याला कळत होतं. धाकट्यानं टॉवेल काढला, कल्ले नीट केले, मानेवर पावडर मारून ब्रश फिरवला. थोरल्यानं उठून खिशात हात घातला तेव्हा त्यानं त्याचं मनगट धरलं आणि हात खिशातच राहू दिला. तेवढंच. मग कापड झटकलं आणि केस झाडायला घेतले.

परतताना खणलेल्या रस्त्याच्या कोपऱ्यावर डाव्या बाजूनं एक सावली आली. तोंड कळत नव्हतं, साडी कळत नव्हती. चाल कळली. एक पाय टेकत होता, दुसरा ओढत होता. थोरला थांबला आणि सगळं अंग वळवून तिच्याकडं तोंड केलं.

"बाई, जपून. पुढं चर आहे."

ती थबकली. हातातली पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली. मग समोर बघत, थोरल्याच्या बाजूनं, ती आपल्या चालीनं निघून गेली. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

दुकान उघडून थोरल्यानं स्टोव्हवर पाणी ठेवलं. स्टीलची वाटी धुतली. साबण फेसला, वस्तरा पट्ट्यावर ओढला आणि डाव्या खुर्चीमागं उभा राहून त्यानं मानेवरून हात फिरवला. रेषा सरळ होती, धाकट्याच्या हातची. पहिलं गिऱ्हाईक आलं. "या, बसा," थोरला म्हणाला आणि कापड बांधायला लागला. उजव्या हाताला पांढऱ्या कापडाखाली दुसरी खुर्ची होती. आता ती आरशात न बघताही दिसत होती.